पुण्यात पाणी वाचवणारा वाफा करायचा तर भोकं दोन पाडा

मार्च उजाडला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टँकरच्या हिशोबाची भांडणं सुरू होतात, आणि त्यात पहिली नजर जाते ग्राउंड फ्लोअरवाल्यांच्या झाडांवर. मी ग्राउंड फ्लोअरवाली. घरामागे दहा फुटांची पट्टी आहे, ऊन भरपूर, माती म्हणजे बिल्डरने टाकलेला मुरूम आणि वरून प्लास्टरचे तुकडे, आणि त्यात मला भाजी लावायची हौस. रोज संध्याकाळी पाईप धरून उभी राहिले की वरच्या गॅलरीतून कोणीतरी घसा खाकरायचं. चार वर्षांपूर्वी वैतागून मी तळाशी पाण्याची टाकी असलेला वाफा बांधला, ज्याला विकिंग बेड म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन ऑस्टिन यांनी ही पद्धत पुढे आणली, तिकडच्या कोरड्या हवेसाठी. मी तो जसाच्या तसा इथे केला आणि जुलैत तोंडावर आपटले. ते का झालं आणि आता तो नीट कसा चालतो, ते सांगते. ज्यांना पाईपचा कंटाळा आलाय त्यांच्या कामाचं आहे.

आधी एक गोष्ट. माझे मामा सासवडकडे असतात, वाटाणा आणि अंजीर करतात. त्यांना फोनवर सांगितलं की मी रेज्ड बेड बांधतेय, तर म्हणाले, "म्हणजे गादीवाफाच ना गं? मग त्यात नवीन काय?" बरोबर होतं त्यांचं. कांद्याचं रोप टाकायला, हळदीला, जिथे पाणी साचू नये तिथे आपले लोक गादीवाफा करतातच. जमिनीपेक्षा उंच माती, म्हणजे निचरा चांगला, मुळांना हवा, माती भुसभुशीत. पण निचरा चांगला याचा दुसरा अर्थ असा की पाणी टिकत नाही, चारी बाजूंनी वारा आणि ऊन लागतं. म्हणून कोरड्या दिवसांत आपले शेतकरी सपाट वाफा करतात, कडेने बांध घालून, म्हणजे पाणी आत मुरतं. नेटवर जे गोंडस लाकडी बेड दिसतात ते बरेचसे थंड आणि ओल्या देशांतले असतात, तिथे पाणी घालवणं हा प्रश्न असतो. ते बघून एप्रिलमध्ये पुण्यात दीड फूट उंच पेटी भरली तर दिवसातून दोनदा पाणी घालायला लागतं, आणि मग पाणी कुठलं वाचणार.

आता पुण्याला नक्की कोरडं म्हणायचं का? शहरात वर्षाला साधारण सातशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. म्हणजे चार महिने चिखल आणि आठ महिने ठणठणाट. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही धरणं भरली की आपण खूश, आणि मेमध्ये तीच नावं रोज पेपरात. त्यामुळे इथला वाफा असा पाहिजे की तो आठ महिने पाणी धरून ठेवेल आणि चार महिने पाणी सोडून देईल. मला हे समजायला एक पावसाळा आणि सहा वांग्याची झाडं लागली.

मामांचा अजून एक शब्द इथे लागेल, वाफसा. शेतकरी घरातल्यांना सांगायला नको, पण शहरात वाढलेल्यांसाठी सांगते. पाऊस पडला की माती आधी चिखल असते, मातीच्या कणांमधली सगळी पोकळी पाण्याने भरलेली. एक-दोन दिवसांत जास्तीचं पाणी खाली निघून जातं, बारीक पोकळ्यांत पाणी राहतं आणि मोठ्या पोकळ्यांत हवा येते. मूठभर माती दाबली तर लाडू वळतो, बोटाने टोचलं की फुटतो. तो वाफसा. मुळांना पाण्याबरोबर हवाही लागते, ती श्वास घेतात, म्हणून पेरणीला "वाफसा आला का" विचारतात. आपण पाईपने पाणी घालतो तेव्हा झाड दोन तास चिखलात, मग एक दिवस वाफशात, मग दोन दिवस कोरडं, असा झोका घेत राहतं. टाकीवाल्या वाफ्याचं काम एवढंच, की माती आठ-आठ दिवस वाफशातच राहावी.

हे होतं कसं? जुन्या वाड्यात राहिलेल्या कोणालाही विचारा, भिंतीला ओल चढते. पाणी खाली असतं आणि ओल वर दोन-तीन फूट येते, रंगाचे पोपडे निघतात. समईत तेच, तेल खाली आणि ज्योत वर, मधली वात तेल ओढून घेते. पावसात जीन्सचा खालचा काठ भिजला की ऑफिसला पोचेपर्यंत ओल पोटरीपर्यंत आलेली असते. बारीक पोकळी असली की पाणी तिच्या कडांना चिकटून वर सरकतं, आणि पोकळी जितकी बारीक तितकं उंच. टाकीवाला वाफा म्हणजे मुद्दाम ओल चढवलेली भिंत, आडवी पाडलेली.

पण बहुतेक लोक इथेच चुकतात, मीपण चुकले. सगळीकडे सांगतात की तळाशी खडी भरा, वर कापड टाका, वर माती भरा, झालं. मी 20 एमएमची खडी भरली, पाणी भरलं, फेब्रुवारीत टोमॅटो लावले, आणि पंधरा दिवसांत टाकीत निम्मं पाणी असताना टोमॅटो माना टाकून उभे. झालं असं की खडीतल्या पोकळ्या मोठ्या असतात, त्यातून ओल वर चढतच नाही, चढली तरी बोटाच्या पेरापेक्षा कमी. टाकी काठोकाठ असते तेव्हा पाणी कापडाला टेकतं आणि माती ते पिते, पण पातळी दोन इंच खाली गेली की मधला पूल तुटला. गंमत म्हणजे बांधकामवाल्यांना हे पक्कं माहीत असतं, फरशीखाली दगडाचं सोलिंग करतात त्याचं एक कारण हेच, की जमिनीची ओल वर येऊ नये. म्हणजे मी वात लावायच्या जागी सोलिंग केलं होतं!

याला उपाय सोपा आहे, वाती ठेवायच्या. भाजी ठेवायच्या छोट्या जाळीदार प्लास्टिकच्या टोपल्या मिळतात ना, त्या घ्यायच्या, त्यात पोयटा माती (गाळाची भुसभुशीत माती) आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं-निम्मं दाबून भरायचं, आणि त्या टाकीच्या अगदी तळाला टेकवून उभ्या ठेवायच्या, आजूबाजूला खडी. टोपलीचं वरचं तोंड वरच्या मातीला थेट लागलं पाहिजे, मध्ये कापड नको. माझा वाफा सहा बाय तीन फुटांचा आहे, त्यात मी सहा टोपल्या ठेवल्यात. खडीच्या जागी क्रश सँड, म्हणजे दगड दळून केलेली रेती, भरली तर वाती लागत नाहीत, रेतीच वात होते, पण मग पाणी कमी मावतं आणि रेती खर्चिक पण पडते. तुटक्या विटांचे तुकडे हा मधला मार्ग, वीट स्वतः पाणी पिते, मी खडी आणि विटा मिसळून टाकल्यात कारण सोसायटीत कोणाचं तरी रिनोव्हेशन कायम चालू असतंच.

मातीचं पण तसंच. ओल उंच चढायला माती बारीक पाहिजे म्हणून कोणी शेतातली काळी माती आणू नका. ती पाणी भरपूर धरते पण हवा ठेवत नाही, ओली झाली की फुगते, सुकली की भेगा पडतात, आणि ओल वर चढायला ती फार वेळ लावते, तोपर्यंत मेथी सुकून जाते. नर्सरीत पोयटा म्हणून जी माती मिळते ती घ्या, तिच्यात कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडं कोकोपीट. माझं प्रमाण घमेल्यात मोजलेलं आहे, पोयटा दोन, खत एक, कोकोपीट एक. मातीचा थर एक फुटाचा ठेवायचा, फार तर पंधरा इंच. त्याच्या वर ओल नीट पोचत नाही आणि मग वरून पाणी घालावं लागतं, मग एवढा खटाटोप कशाला केला असं होतं.

बांधणी थोडक्यात सांगते, कारण ती काय रॉकेट सायन्स नाही. विटांची बावीस इंच उंच पेटी, आत जमीन लेव्हलमध्ये (हे मात्र नीट करा, नाहीतर एका कोपऱ्यातल्या वाती बुडालेल्या आणि दुसऱ्या कोपऱ्यातल्या कोरड्या), टोचणारे खडे काढून खाली जुनी चादर किंवा पोती, त्यावर शेततळ्याला वापरतात तो 500 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद. साधी ताडपत्री उन्हाने दोन वर्षांत जाते. हा कागद अखंडच घ्या, जोड नको, आणि कोपऱ्यांना साडीच्या निऱ्यांसारखा दुमडा, कापू नका. एका कोपऱ्यात दोन इंची पीव्हीसी पाईप उभा, तळापर्यंत, खालच्या टोकाला तिरका कापलेला, यातून पाणी भरायचं. मग आठ इंचापर्यंत खडी-विटा-टोपल्या, टोपल्यांची तोंडं सोडून बाकी भागावर जुनी शेडनेट दुहेरी करून अंथरायची म्हणजे माती खाली गळत नाही, वर एक फूट माती, वरचे दोन इंच आच्छादनाला, म्हणजे मातीवर पसरायच्या उसाच्या चोथ्याला, मोकळे. ज्यांना विटांचं काम नको त्यांनी निळा ड्रम उभा चिरून दोन भाग केले तरी चालतं, जुन्या बाजारात रविवार-बुधवार मिळतात, पण आधी त्यात काय भरलेलं होतं ते विचारा आणि वास घ्या, केमिकलचा असेल तर फुकट दिला तरी नको.

आता हिशोब, कारण मला हिशोब आवडतात. सहा बाय तीन म्हणजे साधारण पावणेदोन चौरस मीटरला थोडं कमी. आठ इंचाच्या टाकीचं आकारमान तीनशे तीस लिटरच्या आसपास, पण त्यात खडी आहे, खडीत पोकळी साधारण चाळीस टक्के, म्हणजे पाणी मावतं एकशे तीस लिटर. मे महिन्यात पुण्याच्या उन्हात भरगच्च वाफ्यातून दिवसाला सहा-सात मिलीमीटर पाणी उडतं असं धरा. एक मिलीमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, हे लक्षात ठेवलं की सगळे हिशोब सोपे होतात. म्हणजे रोज दहा-अकरा लिटर. कागदावर टाकी बारा दिवस चालायला पाहिजे, प्रत्यक्षात तळाचं थोडं पाणी वर येत नाही, म्हणून मी आठ-नऊ दिवसांनी भरते. थंडीत पंधरा-अठरा दिवस सहज जातात, दिवाळीत गावाला जाऊन आले तरी पालक हसत उभा. आधी पाईपने रोज किती जात होतं ते मी एकदा बादलीत मोजलं होतं, तीन बादल्या, आणि त्यातलं अर्धं मुरमात जाऊन शेजारच्या अशोकाच्या झाडाला लागायचं.

आणि हाच हिशोब पावसाला लावा. एका दिवसात शंभर मिलीमीटर पाऊस झाला, पुण्यात असे दिवस येतात, तर माझ्या वाफ्यावर एकशे साठ-सत्तर लिटर पाणी पडलं. टाकी एकशे तीसची, आणि ती बहुतेक आधीच भरलेली. बाकीचं जाणार कुठे?

म्हणून टाकीच्या वरच्या पातळीला, बरोबर आठ इंचावर, ओव्हरफ्लोचं भोक असतं. मी ते पाडलं होतं, अर्ध्या इंची टँक निपल (पाणी बाहेर काढायची आखूड नळी) लावून, आतून बारीक जाळी लावून, अगदी नेटकं. त्या जाळीवर जुलैच्या पहिल्या आठवड्यात मातीचा साका बसला आणि ती बंद झाली. बाहेरून काहीच दिसत नाही, वर आच्छादन, झाडं उभी. मग वांग्यांची खालची पानं पिवळी पडली आणि दुपारी पानं लोंबायला लागली. मला वाटलं, चार दिवस पाऊस नाही, तहान लागली असेल. मी पाणी घातलं! दोनदा! आठवड्याने एक झाड उपटलं तर मुळं तपकिरी, बुळबुळीत, बोटाने ओढली की साल निघून येत होती, आणि मातीला कुजलेल्या अंड्याचा वास. मुळं बुडाली की हवेअभावी मरतात, मेलेली मुळं पाणी ओढत नाहीत, म्हणून पाण्यात उभं असलेलं झाड तहानलेल्यासारखंच दिसतं. त्यामुळे पानं लोंबली की आधी मातीत बोट घाला, मग काय ते ठरवा.

तारेने जाळी टोचली तर तीन बादल्या काळं पाणी आलं. मामांना सांगितलं तर पहिला प्रश्न, "आणि तळाचं पाणी कुठून काढतेस?" मी म्हटलं, मामा, तळाचं कशाला काढायचं, तेच तर साठवायचंय. "अगं, पावसाळ्यात कशाला साठवायचं? रोज वरून येतंय की!"

इतकं साधं होतं. ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या भागासाठी एक भोक पुरत असेल, इथे दोन लागतात. त्या दिवाळीनंतर मी सगळा वाफा उपसला आणि तळाला लागून दुसरं भोक पाडलं, एक इंची, बाहेर बूच. वरचं पण एक इंचाचं केलं आणि जाळी मोठ्या डोळ्यांची. आता मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की तळाचं बूच काढून ठेवते, चार महिने तो वाफा साधा गादीवाफा असतो, पाणी येतं आणि जातं. मध्येच पंधरा-वीस दिवस पावसाने दडी मारली तर बूच लावायचं आणि टाकी भरायची. सप्टेंबरच्या शेवटी परतीच्या पावसात बूच पक्कं, टाकी फुकटात फुल्ल, आणि रब्बीची मेथी त्यावरच निघते.

या दुसऱ्या भोकाचा अजून एक फायदा आहे जो मला नंतर लक्षात आला, क्षार. या वाफ्यात पाणी फक्त खालून वर जातं आणि उडतं, पण पाण्यातले क्षार उडत नाहीत, ते मातीत राहतात. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर एका उन्हाळ्यात मातीवर पांढरी पापडी दिसते, बादलीच्या कडेला जमते तशीच, पानांच्या कडा करपतात. घेवड्याला हे अजिबात सोसत नाही, पालक आणि बीट बऱ्यापैकी सहन करतात. त्यामुळे आरओचं वाया जाणारं पाणी या वाफ्यात घालू नका, बरेच जण पाणी वाचवतोय म्हणून तेच घालतात, त्यात तर क्षार अजून एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला. एसीचं पाणी, तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालेल, पण तांदळाचं टाकीत नको, वास मारतं, ते वरून. आणि बूच उघडं ठेवून पावसाळा गेला की बरेचसे क्षार धुऊन निघतात.

डासांचं लोक विचारतातच. खडीतल्या पाण्यापर्यंत डास पोचत नाही, तो पोचतो भरायच्या पाईपमधून. पाईपला टोपी आणि ओव्हरफ्लोच्या बाहेरच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा रबरबँडने लावायचा, आणि तो दर आठवड्याला झटकायचा, नाहीतर पुन्हा माझ्यासारखं होईल. डेंग्यूचा डास असल्याच साठलेल्या पाण्यात वाढतो, उगाच रिस्क नको.

टेरेसवाल्यांनी मात्र थांबा. हा वाफा जड असतो, म्हणजे खरंच जड. भरलेली खडीची टाकी चौरस मीटरला चारशे किलो, वर ओली माती साडेचारशे, आणि घराच्या टेरेसचं डिझाईन करताना आपल्या मानकात चौरस मीटरला साधारण दीडशे किलोचा भार धरतात. "आमचा स्लॅब जुना मजबूत आहे" हे इंजिनिअरने बघून सांगितलं तर ठीक, काकांनी पाय आपटून सांगितलं तर नाही. टेरेसवर खडी विसरा. छोटे टब, तळाशी उलट्या ठेवलेल्या टोपल्या किंवा सच्छिद्र पाईपचे तुकडे म्हणजे वजन फक्त पाण्याचं, वर मातीऐवजी कोकोपीट आणि पालापाचोळ्याचं कंपोस्ट, आणि तेही कॉलमच्या आणि बीमच्या रेषेत, मध्यावर नको.

आच्छादन विसरू नका, त्याशिवाय बरंचसं पाणी नुसतं मातीवरून उडतं. मी कोपऱ्यावरच्या रसवंतीतून उसाचा चोथा आणते, तो माणूस खुशीने पोतं भरून देतो. पण तो आधी दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरून सुकवायचा, ओला गोड चोथा टाकला तर मुंग्यांचं संमेलन भरतं. आणि मातीत मिसळायचा नाही, वर पसरायचा, मिसळला तर तो कुजताना मातीतलं नत्र खातो आणि भाजी पिवळी पडते.

लावायचं काय? उन्हाळ्यात भेंडी, गवार, चवळी, माठ, अंबाडी, मायाळू. टोमॅटोचा हट्ट एप्रिल-मेमध्ये करू नका, पस्तीसच्या वर पारा गेला की फुलं गळतात, पाणी कितीही असो, वर शेडनेट घातली तर थोडंफार निभतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी मात्र राज्य आपलं, मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, वांगी, सगळं. एक लक्षात ठेवा, या वाफ्यात वरचा इंचभर थर कोरडाच राहतो. तणं कमी येतात हे छान, पण बी पण उगवत नाही. धने रगडून पेरले की आठ-दहा दिवस झारीने वरून पाणी द्यायचंच, आणि रोप लावलं तर मुळं खाली जाईपर्यंत पहिला आठवडा वरून.

एवढा खर्च आणि विटा-सिमेंट नको असेल तर कुंभारवाड्यातून न रंगवलेलं, चकाकी नसलेलं छोटं मडकं आणा, गळ्यापर्यंत मातीत पुरा, पाणी भरा, तोंडावर झाकण, भोवती चार झाडं. मडकं झिरपतं ते माती कोरडी असेल तसं, भिजली की आपोआप कमी. दोन-तीन दिवसांनी भरायचं. मामांनी परसात कारल्याला असं एक पुरलंय, आणि माझा वाफा बघायला आले तेव्हा पंधरा मिनिटं सगळं वाकून बघून, टोपी काढून भरायच्या पाईपमध्ये डोकावून म्हणाले, "चांगलं केलंस. पण भाजीचे एवढे लाड आमच्याकडे परवडायचे नाहीत." जाताना शेततळ्याच्या कागदाचा उरलेला तुकडा मात्र गुंडाळून घेऊन गेले, अंजिराच्या रोपांना म्हणे.